जाहिरातही नको, पैसेही नकोत

विनाजाहिरात यूट्यूबचे, म्हणजे यूट्यूब प्रीमियमचे, महिन्याला १४९ रुपये ही रक्कम मोठी अडचणीची आहे. जास्त म्हणावी, तर पुण्यात दोघांची मिसळ आणि चहा एवढ्यात भागत नाही. कमी म्हणावी, तर ती दर महिन्याला ठरल्या तारखेला खात्यातून जाते आणि मेसेज येतो तेव्हा आपण नेमके दुसऱ्याच कुठल्या खर्चानं वैतागलेले असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे पैसे कापण्याआधी एक सूचना येते म्हणे, पण ती वाचतो कोण? यूट्यूब प्रीमियम भारतात २०१९ च्या मार्चमध्ये आलं तेव्हा १२९ ला होतं, २०२४ च्या ऑगस्टमध्ये १४९ झालं. वाढले फक्त वीस रुपये. तरी त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात पेट्रोल वाढल्यासारखी चर्चा झाली होती, आणि गंमत म्हणजे चर्चा करणाऱ्यांतला एकही जण प्रीमियमचे पैसे भरत नव्हता.

ऐंशी हजारांचा फोन हप्त्यावर घेतलेले, मॉलमध्ये पार्किंगला निमूट पन्नास रुपये देणारे, हॉटेलात पाण्याची बाटली 'साधं की बिसलेरी' विचारल्यावर ओशाळून 'बिसलेरी' म्हणणारे हे लोक. प्रीमियमचं नाव काढलं की मात्र त्यांचं उत्तर ठरलेलं: "वेडा आहेस का? मॉड टाक ना."

मॉड म्हणजे मूळ ॲप उघडून, त्यातले नको ते भाग कापून, हवे ते चिकटवून पुन्हा बांधलेलं ॲप. अँड्रॉइडचं ॲप ही शेवटी एक गुंडाळलेली फाइलच असते. ती सोडवता येते, आतला कोड बऱ्यापैकी वाचता येतो, आणि 'इथे जाहिरात दाखव', 'हा ग्राहक प्रीमियमचा आहे का ते बघ' अशा जागा सापडल्या की तिथलं उत्तर बदलता येतं. पुन्हा बांधताना त्यावर सही मात्र मूळ कंपनीची करता येत नाही, कारण सहीची किल्ली कंपनीकडे. म्हणून साध्या फोनवर मॉड मूळ ॲपच्या वर चढवता येत नाही. एक तर मूळ ॲप काढावं लागतं, नाहीतर मॉडला वेगळं नाव देऊन शेजारी बसवावं लागतं.

यातला सगळ्यात गाजलेला संसार व्हान्स्ड नावाच्या यूट्यूबच्या मॉडचा. स्क्रीन बंद केली तरी गाणं चालू राहावं एवढ्या साध्या गरजेतून ते सुरू झालं आणि वाढत वाढत जगभर पसरलं. २०२२ च्या मार्चमध्ये गूगलची कायदेशीर नोटीस आली आणि त्या मंडळींनी दुकान बंद केलं. थोडंच आधी त्यांनी स्वतःच्या बोधचिन्हाचं एनएफटी, म्हणजे इंटरनेटवर विकलं जाणारं डिजिटल मालकीपत्र, विकायला काढलं होतं. लोक दोन्हींचा संबंध जोडतात. खरं-खोटं तेच जाणोत, पण फुकटच्या कामाला पैशाचा वास लागला की वकील जागे होतात हे पटण्यासारखं आहे.

त्याच वर्षी रीव्हान्स्ड उभं राहिलं. त्यांनी धडा घेतला होता. ते तयार ॲप वाटतच नाहीत. पदार्थ देत नाहीत, कृती देतात: मूळ यूट्यूब तुम्ही तुमचं आणा, आमचे पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलांचे तुकडे, घ्या, तुमच्याच फोनवर शिजवा. गूगलचा कोड आम्ही कुठे वाटला, असं म्हणायला ते मोकळे.

हा स्वयंपाक मी एकदा जवळून पाहिला आहे. माझा भाचा लातूरला इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीत तो आला की घरातले सगळे फोन त्याच्यापुढे ओळीनं मांडले जातात, पूर्वी पाटावर हत्यारं मांडायचे तसे नव्हे, दवाखान्यात नंबर लावतात तसे. माझा फोन हातात घेऊन त्यानं आधी मूळ यूट्यूब बंद केलं. "निघत नाही मामा हे, कंपनीनंच घालून दिलंय. नुसतं डिसेबल करू." मग कुठून तरी यूट्यूबचं एक ठरावीक जुनं व्हर्जन उतरवलं, कारण नव्यावर पॅच बसत नव्हते. मग एक लांबलचक यादी आली, प्रत्येकापुढे टिकमार्क: जाहिराती काढा, शॉर्ट्स लपवा, स्क्रीन बंद असताना चालू ठेवा, डिसलाइकचा आकडा परत दाखवा. (तो आकडा यूट्यूबनं २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये लपवला होता. मला तो कधी आठवलाही नव्हता, पण मिळतोय म्हटल्यावर घेतला.) मग काळ्या पडद्यावर ओळी सरकू लागल्या, फोन हाताला चांगलाच गरम लागायला लागला, आणि चहा होईस्तोवर ॲप तयार झालं. फोननं विचारलं, अनोळखी ठिकाणाहून आलेलं हे ॲप टाकायचं का? भाच्यानं न वाचता 'हो' दाबलं.

त्यानंतर मायक्रोजी नावाचं आणखी एक ॲप टाकायचं निघालं.

"आता हा कोण?"

"मामा, तुम्हाला तुमच्या अकाउंटनं लॉगिन व्हायचंय ना? मग हा लागतो. हा गूगलसारखा वागतो."

"म्हणजे तोतया?"

"तोतया नाही हो. ओपन सोर्स आहे. सगळा कोड उघडा आहे, कुणीही वाचू शकतं."

"तू वाचलास?"

"मी नाही. पण कुणीतरी वाचला असेलच की."

या 'कुणीतरी'वर आपलं केवढं चालतं! मायक्रोजी हे खरोखर नावाजलेलं काम आहे. गूगलच्या बंदिस्त सेवांऐवजी मोकळ्या कोडच्या सेवा फोनवर चालाव्यात म्हणून ते बनवलेलं, आणि प्रायव्हसीबद्दल काटेकोर असणारे लोकही ते वापरतात. पण मी त्यात ज्या अकाउंटचा पासवर्ड टाकत होतो त्याला माझे फोटो, बँकेची पत्रं, आयकराचे कागद, मुलीच्या शाळेची फी असं सगळं बांधलेलं आहे. १४९ रुपये वाचवायला मी एवढी चावी ज्याच्या हातात देतोय त्याच्याबद्दल माझ्याकडे असलेली माहिती एवढीच होती, की ते बहुधा बरे लोक आहेत.

बहुधा ते असतातही. आणि तरी घोळ होतो. टीव्हीवर चालणारं स्मार्टट्यूब नावाचं असंच एक विनाजाहिरात ॲप आहे. त्याचा निर्माता प्रामाणिक, ॲप लोकप्रिय. २०२५ च्या शेवटी त्याच्या सहीची किल्ली भलत्यांच्या हाती लागली आणि काही आवृत्त्यांमध्ये नको तो कोड शिरला. घातक ॲप पकडणाऱ्या गूगलच्या प्ले प्रोटेक्टनं लोकांच्या टीव्हीवरचं ते ॲप परस्पर बंद केलं, तेव्हा बहुतेकांना आधी वाटलं की ही कंपनीची दादागिरी. त्या दिवशी तरी नव्हती.

नेटफ्लिक्सच्या किंवा हॉटस्टारच्या 'मॉड'चं पुष्कळ जण विचारतात, त्यांच्यासाठी एवढंच. यूट्यूबचं जमतं कारण यूट्यूब व्हिडिओ सगळ्यांना फुकटच देतं. पहारा असतो तो जाहिरातीचा, आणि तो बराचसा तुमच्या फोनमधल्या ॲपवर सोपवलेला. नेटफ्लिक्सचा दरवाजा त्यांच्या सर्व्हरवर आहे. पैसे भरलेलं खातं नसेल तर तिथून चित्रपट निघतच नाही, आणि निघाला तरी कुलूपबंद निघतो. तुमच्या फोनमधल्या ॲपची कितीही तोडमोड केली तरी त्या दरवाजावर काही परिणाम होत नाही. तेव्हा टेलिग्रामवर जो कुणी 'नेटफ्लिक्स प्रीमियम मॉड' वाटतोय तो दुसरंच काहीतरी वाटतोय. मुंबई पोलिसांनी २०२३ मध्ये गुलाबी व्हॉट्सॲप नावाच्या बनावट ॲपबद्दल इशारा दिला होता, ती याच कुळातली चीज.

आता माझ्या काकांची गोष्ट. काका तालुक्याच्या गावी असतात, वय पंचाहत्तरच्या पुढे, पहाटे पाचला उठून फोनवर कीर्तन लावतात. कीर्तनाच्या व्हिडिओत जाहिरात कुठे येईल याचा काही भरवसा नसतो. बुवांनी आवाज खाली आणून, टाळकऱ्यांना हातानं थांबवून मुद्द्यावर यावं आणि तिथे कुणीतरी किंचाळत 'अभी डाउनलोड करें' म्हणावं. रमीच्या जाहिराती तर अशा असायच्या की देवघरात पत्त्यांचा डाव मांडल्यासारखं वाटावं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्यानं बंदी आली, तेव्हा ती पीडा टळली. पण गुडघेदुखीचं तेल आहेच.

तर काकांनी एसटी स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात विचारलं. पोरगा म्हणाला, "बिनाजाहिरातीचं यूट्यूब आहे बाबा, शंभर रुपये." काकांनी शंभराची नोट दिली. त्यानं पाच मिनिटांत काहीतरी टाकून दिलं. आठ-पंधरा दिवस कीर्तन अखंड चाललं. मग फोनला कुलूप असतानाच पडद्यावर जाहिराती उगवायला लागल्या, बॅटरी दुपारपर्यंत पुरेना. मी गावी गेलो तेव्हा बघितलं. ते व्हान्स्डही नव्हतं आणि रीव्हान्स्डही. नाव आणि चिन्ह यूट्यूबसारखं, संपर्क-यादी आणि मेसेज वाचायची परवानगी घेतलेली. मेसेज म्हणजे ओटीपीसुद्धा.

मी म्हटलं, "काका, असलं फुकटचं काही टाकून घेऊ नका."

काका तापले. "फुकटचं? रोख शंभर रुपये मोजलेत मी. फुकट घ्यायची सवय तुमच्या पिढीला."

यावर मला काही बोलता आलं नाही, कारण त्यांचं बरोबर होतं. काकांच्या हिशेबानं त्यांनी जाहिरात बंद करायचे पैसे भरले होते. समोर दुकान होतं, माणूस होता, नोट दिली, काम झालं. कंपनीला पैसे भरायला मात्र आधी ईमेल आठवायला हवा, मग यूपीआयचं ऑटोपे, मग ते कुठून बंद करायचं याची धास्ती. काका पैसे द्यायला तयार होते. ते कसे द्यायचे हे त्यांना फक्त त्या पोरानं सोपं करून दिलं.

आणि हे दुकान काही नवीन नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी याच दुकानात वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळायचं: भक्तिगीतं वेगळी, डीजेची वेगळी, नवा मराठी सिनेमा हवा असेल तर दहा रुपये जादा. त्याच्या आधी केबलवाला रात्री साडेनऊला आपल्या खासगी चॅनेलवर नवाकोरा सिनेमा लावायचा, खाली परिसरातल्या साडी सेंटरची पट्टी सरकत असायची, आणि सबंध आळी बघायची. त्या सिनेमाच्या निर्मात्याला काय मिळालं हा प्रश्न आळीत कुणालाच पडला नाही. आम्ही केबलवाल्याला महिन्याचे पैसे देत होतो ना! मध्यस्थाला पैसे दिले की चुकतं झालं, ही आपली जुनी समजूत.

मॉडच्या बाजूनं बोलायचं तर एक मुद्दा मला आजही खोडता येत नाही. स्क्रीन बंद करून आवाज ऐकत राहणं हे फोनला मुळातच येतं. रेडिओचं ॲप करतं, गाण्यांचं करतं, व्हॉट्सॲपवरचं व्हॉइस नोटसुद्धा करतं. यूट्यूबच्या फुकट ॲपमध्ये ते मुद्दाम बंद केलेलं आहे आणि पैसे भरले की सुरू होतं. म्हणजे विकायला काढलेली गोष्ट कंपनीनं बनवलेली नाही, फक्त अडवलेली आहे. जाहिरातींचं तसं नाही. व्हिडिओ साठवायला, पोचवायला खर्च येतो, तो कुठून तरी निघायला हवा. पण अडवणुकीचे पैसे मागितले की माणूस वाट शोधणारच. २०२३ मध्ये यूट्यूबनं ॲडब्लॉकर, म्हणजे जाहिराती अडवणारी सोय, वापरणाऱ्यांचे व्हिडिओ थांबवायला सुरुवात केली, २०२४ च्या एप्रिलमध्ये अशा परक्या ॲपांवर रोख वळवला. तेव्हापासून दर काही आठवड्यांनी मॉड बंद पडतं, कुणीतरी रात्री जागून नवा पॅच काढतं, पुन्हा चालू होतं. ते जागणाऱ्या पोरांना यातून जवळपास काही मिळत नाही. त्यांच्याबद्दल मला आदरच वाटतो. राग येतो तो तयार पॅचवर बसून 'गूगलला धडा शिकवला' म्हणणाऱ्यांचा. २०२४ मध्ये यूट्यूबला नुसत्या जाहिरातींतून ३६ अब्ज डॉलरच्या वर मिळाले. आमच्या ऑफिसातल्या पोरानं शिकवलेला धडा तिथवर पोचला असेल असं वाटत नाही.

तो पोचतो तो दुसरीकडेच. आमच्या ओळखीतल्या एक बाई मराठवाड्यातल्या पदार्थांचं चॅनेल चालवतात. येसर, शेंगोळे, धपाटे, बाजरीच्या खारोड्या. आवाज साधा, स्वयंपाकघर खरं, मागे कुकरच्या शिट्या. लांब व्हिडिओंच्या चॅनेलवर जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं गेलेलं असावं लागतं. शेंगोळ्यांवर चार हजार तास जमवणं ही काय चीज आहे ते त्यांनाच विचारावं. मग गूगलकडून पत्ता पडताळायला पोस्टानं पिनचं पाकीट आलं. पोस्टमननं ते दिलं तेव्हा आपल्याला परदेशातून पत्र आलं म्हणून शेजारणी जमल्या होत्या. ते पाकीट त्यांनी अजून डब्यांच्या फळीवर, हळदीच्या बरणीमागे जपून ठेवलंय. पैसे हातात पडतात ते शंभर डॉलर साचल्यावर. साध्या व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नातले ५५ टक्के बनवणाऱ्याला, उरलेले यूट्यूबला. प्रीमियमवाला बघत असेल तर त्याच्या वर्गणीतूनही वाटा येतो, किती वेळ बघितलं त्यावर. मॉडवाला बघत असेल तर काही नाही. जाहिरात दिसली नाही, वर्गणी भरली नाही. बाईंच्या चॅनेलवर एक बघणारा वाढतो, एवढंच.

एकदा त्या मला म्हणाल्या, "अहो भाऊजी, माझ्या व्हिडिओवर जाहिराती लागतात की नाही तेच कळत नाही. मी लावते तेव्हा एकही येत नाही." मी फोन बघितला. त्यांच्या मुलानं आईला त्रास नको म्हणून रीव्हान्स्ड टाकून दिलं होतं. चॅनेलच्या पैशांतून घेतलेला फोन, त्यावर चॅनेलचेच पैसे बुडवणारं ॲप. मी सांगितल्यावर त्या आधी खूप हसल्या. मग म्हणाल्या, "काढून टाकू का?" आणि लगेच, "पण मग तो दुसऱ्या बाईंचा पाकाचा व्हिडिओ बघताना जाहिराती येतील ना. पाक तोवर पुढे जातो." एकतारी पाकाची घटका कुणासाठी थांबत नाही हे मलाही मान्य करावं लागलं. ॲप राहिलं.

रीव्हान्स्डमध्ये स्पॉन्सरब्लॉक म्हणून एक सोय आहे. व्हिडिओ बनवणारा स्वतःच्या तोंडानं जी जाहिरात करतो तीही उडवून पुढे जाते. कुठून कुठपर्यंत उडवायचं ते बघणाऱ्यांनीच खुणा करून ठेवलेलं असतं. मराठी चॅनेलचं त्यात एक बरं आहे. आपल्याकडे फुकट बघणारे पुष्कळ, पण खुणा करत बसायचा उत्साह कुणाला नाही. त्यामुळे बाईंनी मसाल्याच्या स्थानिक कंपनीचं केलेलं कौतुक मॉडवरसुद्धा सगळेजण पूर्ण ऐकतात. बाईंना त्याचे आठशे रुपये आणि मसाल्याची चार पाकिटं मिळाली होती.

हे किती दिवस चालेल कोण जाणे. गूगलनं २०२५ मध्ये जाहीर केलं की ज्या बनवणाऱ्यांनी आपली ओळख पटवून दिलेली नाही त्यांची ॲप नेहमीच्या अँड्रॉइड फोनवर सहजासहजी टाकता येणार नाहीत. सुरुवात २०२६ च्या सप्टेंबरपासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंडमध्ये, मग बाकीच्या जगात. ओरड झाल्यावर जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू असंही म्हणाले. काकांच्या फोनसारख्या प्रकरणांना त्यानं आळा बसेल, आणि त्याचबरोबर भाच्यासारख्या पोरांना आपल्याच फोनमध्ये आपल्याला हवं ते टाकायला गूगलनं ठेवलेल्या वाटेनंच जावं लागेल. दोन्ही एकाच वेळी होणार. भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "काढतील मामा काहीतरी." पुन्हा तेच, कुणीतरी काढेल.

आमच्या ऑफिसात दरम्यान एक सभ्य मार्ग निघाला आहे. प्रीमियमचा फॅमिली प्लॅन २९९ रुपयांना आहे, सहा जणांना चालतो. नियमानं सहाही जण एकाच घरात राहणारे हवेत. आमच्या या घरात एक अकाउंट्सचे, दोन स्टोअर्सचे, एक डिस्पॅचचा, एक रिसेप्शनवरच्या मॅडम आणि मी. प्रत्येकी पन्नास रुपये महिना. काकांनाही सातवे म्हणून घेता येईल का विचारलं, पण जागा नाही. कुटुंबप्रमुख म्हणून अकाउंट्सचे कुलकर्णी बसले, कारण त्यांचं कार्ड चाललं. दर महिन्याच्या पाच तारखेला ते ग्रुपवर क्यूआर कोड टाकतात. पाच जणांपैकी चार लगेच भरतात. डिस्पॅचचा पोरगा तीन महिने झाले 'उद्या करतो सर' म्हणतोय. त्याला काढून टाका म्हटलं तर कुलकर्णी म्हणतात, "असू द्या हो. काढला तर तो परत मॉड टाकेल."